कपाटामागची ओल

डिपॉझिट कार्यालयाचा तपासनीस माझ्या दारात आला, तेव्हा मी खुर्चीवर चढून पडदा लावत होते.

"अहो, पडाल!"

"तुम्ही आलात ना? आता झेला," मी म्हणाले... आणि जीभ चावली.

तो हसला. मेल्याचं हसणंच घातकी!

आमच्याकडे भाड्याच्या घराचं डिपॉझिट मालकाच्या हातात जात नाही, कार्यालयात जपून राहतं. तपासनीस येऊन खोलीतला ओरखडान् ओरखडा कागदावर टिपतो आणि घर सोडताना वाद झालाच तर त्या कागदावरून निकाल लागतो.

"हा कायदा मालकीणबाईंचा आणि तुमचा, दोघींचा बरं का," तो म्हणाला.

"आणि तुम्ही कोणाचे?"

"मी?..." त्याचं पेन थांबलं. "अजून तरी कोणाचाच नाही."

कपाटामागे हातभर ओल होती. मी दाखवली. "लिहितो," म्हणाला, पण मग मी चहा टाकला, गप्पा रंगल्या, बाहेर सर आली म्हणून तो थांबला... निघताना त्याने कागद पुढे केला आणि मी न वाचताच सही ठोकली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारी मी!

मग दर आठवड्याला साहेब दुकानात हजर.

"डोळे तपासायचेत."

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

"मग तुमचे बघतो!"

दीड वर्षात लग्नाचं ठरलं. दोघांसाठी मोठी खोली पाहिली. तिच्या डिपॉझिटला माझं हे डिपॉझिटच लागणार होतं, बाकी दोघांकडे खडखडाट. मी घर सोडलं, तशी मालकीणबाईंनी कपाट सरकवलं.

"ही ओल तुझीच गं बाई. खोलीत कपडे वाळवलेस!"

मी कागद काढला. ओलीचा उल्लेखच नव्हता. 'खिडकी : उजेड छान' एवढं मात्र सुबक अक्षरात लिहिलेलं.

"विसरलो, एवढंच सांग ना," मी त्याला विनवलं.

"नोकरीवर गदा येईल गं..."

सुनावणीत अधिकारीबाईंनी त्याला सरळ विचारलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "जे कागदावर नाही, ते तेव्हा भिंतीवरही नव्हतं."

निकाल मालकीणबाईंच्या बाजूने लागला. कायद्याला काय बोल लावू? त्याने आपलं काम चोख केलं होतं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो छत्री घेऊन मागे धावला.

"ऐक ना... मी कर्ज काढतो. दुसरी खोली बघू."

"पैसे गेले त्याने जीव जळतोयच रे, घाम गाळून साठवले होते. पण तू माझ्यासमोर खोटं बोललास... आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

"असेल... पण तेही कुठल्या कागदावर नाही."

छत्री त्याच्याकडेच राहिली. मी भिजत मैत्रिणीच्या घरी गेले, खोली सोडल्यापासून तिथेच राहत होते, आणि पोटभर रडले.

तिच्याकडूनच उसने घेऊन आता एक लहानशी खोली घेतलीय. नवे तपासनीस आले, वयस्कर, खोकणारे. मी स्वतः कपाट सरकवून भिंत दाखवली, प्रत्येक ओळ दोनदा वाचली, मगच सही केली.

"खिडकीत उजेड छान येतो हो," ते म्हणाले. "लिहू का?"

"नको," मी म्हणाले.