‘सावकाश’ म्हणायचं राहिलं

"अहो, थांबा! उलटं फिरवताय तुम्ही!"

ती खरं तर तिसऱ्या मजल्यावर निघाली होती, कुणाच्या तरी गळक्या टाकीसाठी. पण दुसऱ्या मजल्यावर पोचते न पोचते तोच भिंतीतले पाइप धडधडताना ऐकू आले आणि उघड्या दारातून तो दिसला. कोपरापर्यंत भिजलेला, गुडघ्यांवर बसून, पाण्याचा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू जीव खाऊन आवळत होता.

त्याने मान वळवली. चष्म्यावर थेंबच थेंब. त्यातून ती त्याला कितपत दिसली कोण जाणे... पण हात थांबला.

"दाब कमी करायचाय. म्हणून बंद करतोय."

"हा काय नळ आहे बंद करायला? हा आवळला की दाब वाढतो. दाबाचा काटा बघा, आठवर गेलाय. घराला तीन पुरे होतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

तिने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. त्यात पाणीच जास्त."

तो हसणार होता, पण आतून हाक आली. "अरे, हात भरून आले माझे!"

आत त्याची आई परात डोक्यावर धरून उभी होती. छतालगतच्या पाइपचा जुना जोड ठिबकत होता आणि बरोबर खाली, लांबरुंद टेबलावर, एका वहीची सुटी पानं पसरलेली होती. जुन्या वह्या-पुस्तकं दुरुस्त करायची, हे त्याचं काम. पानांना नुकतीच खळ लावलेली. उचलली तर फाटणार, प्लास्टिक टाकलं तर चिकटणार.

"मेन कॉक?" तिने विचारलं.

"गंजलाय. हलत नाही. इमारतीला सकाळी नवा पंप बसला, तेव्हापासून हे सुरू आहे."

म्हणजे पाणी बंद करायची सोय नाही. चालू पाण्यातच दाब उतरवायचा, आणि तोही जोड निखळायच्या आत. 

"स्वयंपाकघरातला नळ थोडा सोडा. मी पाव-पाव फेरा सैल करते. काट्याचा आकडा मी सांगेन, तुम्ही जोडाकडे बघून थेंबांचं सांगा."

तो धावला. ती पान्याने वरचा नट सैल करून स्क्रूला भिडली. त्याने असा आवळला होता की तिच्या तळहातावर वळ उठले.

"सात!" ती ओरडली.

"थेंब तेवढेच!"

"साडेसहा... व्यायाम करता का हो रोज?"

"का?"

"स्क्रूची मान पिरगाळलीत म्हणून!"

भिंतीपलीकडून त्याचं हसू ऐकू आलं. अशा धास्तीतही ते हसू तिला पुन्हा ऐकावंसं वाटलं – आणि वाटलं म्हणून तिचा तिलाच राग आला.

"पाच... चार... तीन! बास. नळ बंद करा!"

त्याने नळ फटकन बंद केला. पाइपला हिसका बसला, जोडातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि परातीला चुकवून तिरकी टेबलावर गेली. मग सगळं शांत झालं. काटा तीनवर येऊन थांबला. थेंबही थांबले.

ती आत आली तेव्हा तो एका पानावर टिपकागद अलगद ठेवत होता.  शाईत लिहिलेल्या एका ओळीतली अक्षरं फुटून निळा डाग झाला होता.

"मी... सावकाश बंद करा म्हणायला हवं होतं," ती म्हणाली.

"नळावर हात माझा होता."

"पण चूक माझी. हिसका बसतो, हे मला माहीत होतं."

त्याने टिपकागद बदलला. केसांच्या दोन सुटलेल्या बटा तिच्या गालाला चिकटल्या होत्या, तिकडे त्याची नजर गेली आणि तो गडबडून पुन्हा पानाकडे बघू लागला.

आठवड्याने ती काटा बघायला आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. काटा तीनवरच होता. चहा देताना आईच बोलून गेली, "वहीच्या मालकीणबाईंना त्याने फोनवर सांगून टाकलं, डाग माझ्या हातून पडला म्हणून. आज वही द्यायला चाललाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही त्याच्या."

तिने कप खाली ठेवला आणि वही बांधत बसलेल्या त्याच्याकडे वळली. "माझी चूक तुमच्या नावावर कशाला?"

"जाऊ द्या ना..."

"नाही जाऊ देणार! माझ्या हातून झालेलं निस्तरायला मला दुसरा माणूस लागत नाही. चला, मीही येते."

वाटभर तो दोन पावलं पुढेच चालत राहिला. तिला वाटलं, झालं, तुटलं सगळं, जुळायच्या आधीच.

वही एका म्हाताऱ्या सुईणीची होती. चाळीस वर्षांत तिच्या हातून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची तिने त्यात एकेक ओळ लिहिली होती. तो तोंड उघडणार, तोच ती त्याच्या पुढे झाली.

"आजी, डाग माझ्यामुळे पडला. मी यांना नीट सांगितलं नाही."

"नळ मी बंद केला," तो म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून!"

आजीने डागावरून बोट फिरवलं.  

"ही जुळी होती," आजी म्हणाली. "पाठ आहे मला. दे ती पेन्सिल, बाजूला लिहिते. आणि पाण्याचं काय एवढं? पाण्याशिवाय एक तरी बाळंतपण झालंय का जगात?" मग तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही एकमेकांचे कोण गं?"

"कोणी नाही," ती पटकन म्हणाली.

"अजून कोणी नाही," तो म्हणाला.

आजी पेन्सिलीला टोक करण्यात गढून गेली. किंवा तिने तसं दाखवलं.

बाहेर पडल्यावर तो खाली मान घालून चालत राहिला. कोपऱ्यावर ती थांबली.

"अजून म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही कुणी न बोलावता आलात ना आज, तेव्हा मला वाटलं... तुम्हाला राग आला का? तुम्हाला नसेल आवडलं तर..."

"राग आलाय."

त्याचा चेहरा उतरला. "कशाचा?"

"मघापासून तुम्हाला-तुम्हाला करतोयस ना, त्याचा."

त्याने मान वर केली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला... आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ, न गडबडता पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "तू कुठे निघालीस आता?"

"टाकी गळतेय एका घरची. येतोस?"

आणि त्याने हात पुढे केला. ती त्याला हत्यारांची पिशवी देईल असं त्याला वाटलं होतं. तिने हात दिला.