वाळवणाच्या दिवशी पाऊस

पहिल्याच भेटीत सायोकोने त्याच्या खांद्यावर फळ पाडलं. मुद्दाम नव्हे, दचकून.

बसथांब्यालगतच्या जपानी टेंभुर्णीला शिडी लावून ती वर चढली होती. टोकाला चिरलेल्या बांबूत एक देठ नुकता अडकवला होता, एवढ्यात खालून कुणीतरी विचारलं, "सुभगे, जुने ग्रंथ जेथ उन्हास घालिती, ते देवालय कवणे वाटे असे?"

हजार वर्षांपूर्वी राजवाड्यातल्या बायका असं बोलत असत. सायोकोला वाटलं, गावातलंच कुणी चेष्टा करतंय. तिने खाली पाहिलं, तर उंचच उंच, भुरकट केसांचा एक परका माणूस टोपी हातात धरून अदबीने उभा... बांबू हातातून निसटला आणि ते मोठं नारिंगी फळ धप्पकन त्याच्या खांद्यावर आपटलं.

त्याने फळ उचललं, कमरेत वाकून आभार मानले आणि ती काही म्हणायच्या आत त्याचा लचका तोडला.

त्या झाडाची फळं सोलून, दोरीला टांगून, महिनाभर वाळवल्याशिवाय खाता येत नाहीत. इतकी तुरट असतात की जीभ टाळूला चिकटून बसते. सायोको शिडीवरून बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ आवळले गेले, पण पठ्ठ्याने फळ संपवलं.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"अ... अति... मधुर," तो कसाबसा म्हणाला.

सायोको शिडी हलेपर्यंत हसली. मग खाली उतरून तिने त्याला डोंगरावरची वाट दाखवली. आपल्याच घराची वाट, कारण त्या देवळाचे पुजारी म्हणजे तिचे वडील.

त्याचं नाव आयनार होल्म. नॉर्वेतल्या बर्गन शहरातला. शाळेत असताना कुठल्याशा ग्रंथालयात जपानी काव्याचा एक फाटका संग्रह त्याच्या हाती लागला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. बोलायला जपानी माणूस मिळाला नाही, म्हणून पुस्तकांशीच बोलत राहिला. आता तो क्योतोच्या विद्यापीठात शिकवत होता, आणि देवळाच्या कोठारात असलेल्या, एका भिक्षुणीने चार शतकांपूर्वी लिहिलेल्या रोजनिशीसाठी इथवर आला होता.

ते कोठार वर्षातून एकदाच उघडे. ऑक्टोबरातल्या एका ठरलेल्या दिवशी, गावच्या वडीलधाऱ्यांसमोर. मग पोथ्या आणि गुंडाळ्या देवळाच्या दालनात पसरायच्या, दारं सताड उघडायची आणि दिवसभर त्यांना कोरडा वारा द्यायचा. गाव त्याला वाळवण म्हणे. त्या दिवशी पाऊस आला तर कुलूप तसंच राही, ते थेट पुढच्या वर्षापर्यंत. दमट हवा लागली की कागदाला कीड धरते.

त्यामुळे गेली काही वर्षं होल्म वर्षातून एकदाच येई. शिसपेन्सिलीने काही पानं उतरवून घेई. दुपारी सायोको चहा घेऊन येई, आणि चहा निवेपर्यंत दोघं बोलत बसत.

"यंदा किती झालं?"

"सात पानं."

"आणि आहेत दोनशेच्या वर. म्हणजे सत्तरी गाठाल तुम्ही."

"म्हणून तर सिगारेट सोडली," तो गंभीरपणे म्हणे.

तिनेच त्याला चालू बोली शिकवली. 'सुभगे' गेलं, आदराचं 'सायोकोसान' आलं. तो तिच्याकडे बघे, मग पटकन पानाकडे बघे... आणि संध्याकाळच्या बसने निघून जाई. नववर्षाचं कार्ड मात्र न चुकता येई, तेही बाबांच्या नावाने.

सायोकोला एका प्रश्नाने पोखरलं होतं. रोजनिशी आणि आपण त्याला एकाच दिवशी भेटतो, मग हा नेमका येतो कुणासाठी? दोन वर्षांपूर्वी वाळवणाच्या दिवशी पाऊस लागला होता. होल्म आला नव्हता. त्या रात्री तिने स्वतःला बजावलं होतं – बघ, मिळालं उत्तर. पण मन कुठे ऐकतं?

आणि यंदा वेळ उरला नव्हता. बाबांना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे देवळाला पुजारी हवा, नाहीतर देऊळ दुसऱ्या घराण्याकडे जाणार. तोफूचं दुकान चालवणाऱ्या, आणि गावातली निम्मी लग्नं जुळवणाऱ्या इवाकुरा काकूंनी गावालगतच्या सरोवरापलीकडच्या एका देवळातला धाकटा मुलगा आणला होता. घरजावई व्हायला तयार, मंत्र म्हणताना आवाज खणखणीत.

"वाळवण होऊ दे, मग सांगते," सायोको म्हणाली होती.

"वाळवणाचा आणि लग्नाचा काय संबंध गं?" काकूंनी डोळे बारीक केले होते. "बरं. त्या संध्याकाळी येते मी. हो किंवा नाही, एकच काय ते सांग. मुलगा काही लोणचं नाही, बरणीत घालून ठेवायला."

म्हणून आठवडाभर सायोको आभाळाकडे बघत होती. सरोवरावर ढग दिसला की तो कुठे सरकतोय ते बघत उभी राही. भाताच्या पेंढ्या बांबूवर टांगताना, भांडी घासताना, अंथरुणावर पडल्यावरसुद्धा ती वाऱ्याचा कानोसा घेई.

वाळवणाच्या सकाळी ती जागी झाली ती कौलांवरच्या आवाजानेच. बारीक, संथ, दिवसभर न थांबणारा पाऊस.

"पाटी लावून ये," बाबा म्हणाले. "लोकांना उगीच चढ चढायला नको."

पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असे – आज वाळवण नाही. ती पाटी काखेत मारून सायोको पायऱ्या उतरली. बसथांब्याशी पोचली आणि पाटी तशीच हातात धरून उभी राहिली. नाही लावली तर? तो येईल, वर चढेल. पण मग तो आला हे खरं, की मी फसवून आणला हे खरं? तिने पाटी खुंटीला अडकवली, सरळ केली आणि मागे न बघता परत फिरली.

दहाची बस येऊन गेल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. सायोको दालन पुसत होती. तिने तोच कोपरा पुन्हा पुसला. पायऱ्यांवर कुणाची चाहूल नाही. तिने फडकं पिळलं, परत पुसायला घेतलं.

मग दाराशी कुणीतरी खाकरलं.

तो नखशिखान्त भिजला होता. केसांतून पाणी निथळत होतं, धाप लागली होती.

"आज पुस्तकं बाहेर काढलेली नाहीत," सायोको म्हणाली.

"माहीत आहे."

"खाली पाटी आहे."

"वाचली. दोन वर्षांपूर्वीही वाचली होती."

फडकं तिच्या हातातच राहिलं. "तेव्हा... आला होतात?"

"थांब्यापर्यंत आलो होतो. पाटी वाचली आणि वाटलं, आता वर जायला कारण काय सांगू? म्हणून त्याच बसने परत गेलो." तो पायांकडे बघत म्हणाला. "ती भिक्षुणी एके ठिकाणी लिहिते की –"

"भिक्षुणीचं राहू द्या. तुमचं सांगा."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं –

"कोण आहे गं?" आतून बाबांची हाक आली. "त्यांना आत घे. सर्दी होईल."

शेगडीजवळ टॉवेल खांद्यावर घेऊन होल्म गुडघे मोडून बसला. बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"कोठार काही उघडायचं नाही. तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, सगळ्या पानांचे फोटो काढून न्या, म्हणजे दर वर्षी खेप नको. काय म्हणाला होतात?"

होल्मचे कान लाल झाले. "कॅमेरा बिघडलाय, असं म्हणालो होतो."

"अजून बिघडलेलाच आहे?"

"जरा... जास्तच बिघडलाय."

बाबा चहात बघत राहिले. सायोकोला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ही फोटोंची गोष्ट तिला कुणीच सांगितली नव्हती.

तेवढ्यात अंगणात छत्री झटकल्याचा आवाज आला.

"वाळवणच नाही, तर म्हटलं संध्याकाळची वाट कशाला बघू," म्हणत इवाकुरा काकू आत आल्या आणि पाहुण्याला बघून थबकल्या. मग हातातलं काम आधी, म्हणून सायोकोकडे वळल्या. "बोल पोरी. काय कळवू त्यांना?"

सायोकोने बाबांकडे बघितलं. आता नाही बोललं, तर मग कधीच नाही.

"नाही म्हणून कळवा, काकू. देवळाला पुजारी हवा ना? मी होईन. मंत्र मला लहानपणापासून पाठ आहेत. वसंतात क्योतोला जाऊन दीक्षा घेईन."

काकूंनी बाबांकडे पाहिलं.

"थंडीत पहाटे चारला उठून घंटा वाजवावी लागते," बाबा म्हणाले.

"चूल कोण पेटवतं हो बाबा, चारला?"

बाबांनी पेला खाली ठेवला. बराच वेळ त्यांनी त्याच्या काठावरून बोट फिरवलं. "ते खरं आहे," ते म्हणाले. मग आणखी हळू, "आवाज तुझा आईसारखा आहे. दालनात घुमेल."

काकूंनी उसासा टाकला. जुळत आलेलं स्थळ हातचं गेल्याचा राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. त्या होल्मकडे वळल्या.

"आणि हे एवढ्या पावसात कशाला आले? थांबले असते थोडं, उघडीप होईपर्यंत."

सायोको त्याच्याकडे बघत राहिली. आता हा पुन्हा काहीतरी गुळगुळीत बोलेल... भिक्षुणी, जुना कागद, शाईचा रंग...

"काकू," होल्म म्हणाला, अगदी गावातल्यासारखा, "आमच्या बर्गनला बारा महिने पाऊस. उघडीप व्हायची वाट बघत बसलो, तर तिथे कुणाचं लग्नच व्हायचं नाही."

शेगडीवरचं आधण खदखदत होतं. कुणी उठून उतरवलं नाही.

"कुणाचं लग्न?" सायोकोने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. या वेळी नजर वळवली नाही.

"आपलं. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

सायोकोला हसू येत होतं आणि रडूही. टॉवेल त्याच्या खांद्यावरून घसरला होता. तिने पुढे होऊन तो नीट केला, आणि हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही."