न तुटणारा पट्टा

बाटली वरून पडली ती थेट झुवैनाच्या पायाशी. वेचलेले खजूर उधळले, कपडे भिजले. तिनं दचकून वर पाहिलं, तर तीस हात उंचावर, कंबरेच्या दोरावर रेलून एक तरुण हसत होता.

“लागलं नाही ना?”

“लागलं असतं तर विचारायला खाली आला असतास?”

“लगेच!”

असा मुसल्लम तिच्या बाबांच्या बागेत खजूर उतरवायला आला, आणि झुवैनाचं कामात लक्ष लागेना. बाटली तो दोरात नुसती खोचायचा. ती रोज निसटायची, आणि हा तसाच तहानलेला उन्हात वर राहायचा. ओमानमधल्या निझव्याचं ते ऊन... वर घेरी आली तर? शेवटी तिनं बाबांच्या जुन्या फेट्याच्या चिंध्या फाडल्या, तिपेडी वेणी घातली, आणि तुटू नये म्हणून आतून मासेमारीचा नायलॉनचा दोरा ओवला. त्या पट्ट्यात बाटली पक्की अडकवली.

“गळ्यात घाल.”

“माझ्यासाठी विणलास?”

“माझ्या डोक्यासाठी! रोज बाटली झेलायची हौस नाही मला.”

तो हसत वर चढला. जन्मभर खजुरीवर चढलेले बाबा सावलीत बसले होते. मुसल्लम उतरायला लागला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “झटका दिला की तुटतो ना गं तो?”

“छे! उंट बांधला तरी तुटायचा नाही.”

बाबांचा चेहरा पडला. “अगं पोरी... वर गळ्यात घालायचं ते तुटणारंच हवं. कुठं अडकलं तर—”

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. मुसल्लम उतरत होता, आणि पट्टा छाटलेल्या झावळीच्या खुंटात अडकला होता. तो खाली सरकला तसा पट्टा गळ्याशी करकचून आवळला. घाबरून तो आणखीच खाली ओढ घेऊ लागला.

झुवैना खोडाकडे धावली. मी मारलं याला... मीच!

“मुसल्लम, खाली नको! वर चढ! एक पाऊल वर!”

त्याला ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे. ती ओरडतच राहिली. मग एक पाय हलला... दोर वर सरकला... पट्टा सैल पडला, आणि त्यानं तो डोक्यावरून काढून भिरकावला.

तो जमिनीवर टेकला तेव्हा गळ्यावर लालभडक वळ होता. झुवैनाला हुंदका आवरेना.

“मला वाटलं... तू गेलास.”

तो काही सांगायला गेला, पण घशातून नुसती खरखर निघाली. नजर मात्र तिच्यावरून हलत नव्हती.

सबंध उन्हाळा ती त्याच्या बोलण्याची वाट पाहत होती. आता आणखी एक दिवसही तिला धीर नव्हता.

“तू गप्प बस. मी बोलते.” ती बाबांकडे वळली. कान तापले होते, तरी आवाज कापला नाही. “बाबा, माझं याच्यावर मन बसलंय. याच्या आईला उद्या लग्नाचं बोलायला कॉफीला बोलवा.”

बाबांनी मुसल्लमकडे पाहिलं. “आणि तुझं काय रे?”

मुसल्लमनं तो दुखरा गळा धरून इतक्या जोरजोरात होकारार्थी मान डोलावली, की झुवैनालाच ओरडावं लागलं—

“अरे, हळू!”