बशीतलं काळीज

दसऱ्याच्या सकाळी पनवेलच्या एका प्रयोगशाळेत दिपिकाचं हृदय बंद पडलेलं सापडलं.

म्हणजे बशीतलं. खरी दिपिका, वय सोळा, जवळच्याच इस्पितळात होती. तिच्या रक्तातून मूळपेशी आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या. बशीत त्या खऱ्याखुऱ्या धडधडायच्या. दुपारी बाराला तिला नवं औषध टोचणार होते. ते तिला मानवेल का, हे आधी या पेशी सांगणार होत्या. आता त्या मेल्या होत्या आणि तिच्या डॉक्टरांना थांबायला सवड नव्हती.

फौजदार आभा पोचल्या तेव्हा साडेअकरा झाले होते. पेशींच्या उबदार कपाटाचं बटण बंद, दार किलकिलं. वर खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार.

"आलो तेव्हा असंच होतं," प्रमुख डॉक्टर इंद्रजीत म्हणाले. "कशालाच हात लावला नाही."

आभांनी प्रयोगशाळेचे शिपाई दयाराम यांना एकट्याला आत घेतलं. गव्हाण गावचा माणूस, दिपिकाचा बाप.

"पूजा कधी झाली?"

"काल तीनला, सगल्यांसमोर. पाचला कुनी नव्हतं, तवा मी परत आलो. नव्या भाताची लोंबी या कपाटाच्या मुठीला बांधली. माज्या पोरीचं कालीज हाय त्यात."

"कुणाला सांगितलंत?"

"नाय. लोक हसतील."

मुठीला लोंबी नव्हती. आभा वाकल्या. कपाटाखाली ती पडली होती, दोरा तुटलेला. त्यांनी ती गुपचूप खिशात टाकली.

मग हितेश, तिथलाच संशोधक. नवं औषध त्याचंच.

"सिंपल आहे, मॅडम. खंडेनवमीला अवजारांना विश्रांती देतात ना? दयारामने बंद केलं असणार."

"तुम्ही कधी गेलात?"

"पूजा झाली आणि लगेच. उलव्याला घरी. आत्ताच येतोय."

"या खोलीत?"

"कालपासून पाऊल टाकलं नाही."

"दयाराम बाप आहेत हो तिचे."

"बाप! इनक्युबेटरच्या मुठीला भाताची लोंबी बांधणाऱ्याला काय कळणार?"

आभांनी इंद्रजीत आणि दयाराम, दोघांनाही आत बोलावलं. घड्याळात अकरा पन्नास.

"हितेश, लोंबी पाचला बांधली. सकाळी ती मुठीला नव्हती. कपाटाखालून मी काढली. ज्याने दार ओढलं, त्याच्या हातून दोरा तुटला. मुठीला बांधलेली ती दोघांनीच पाहिली. एक दयाराम. पाऊल न टाकता तुम्हाला ती कशी कळली?"

हितेश खुर्ची ओढून बसला.

"काल सकाळी पेशींवर औषध टाकलं होतं. दुपारी ठोका चुकायला लागला. इंद्रजीत सरांना आज दिसलंच असतं, म्हणून रात्री परत येऊन कपाट बंद केलं. सहा वर्षं गेलीत माझी, मॅडम."

इंद्रजीत इस्पितळात फोन लावत होते. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही घंटा वाजत राहिली. दयाराम त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"दिपिकाचं इंजेक्शन थांबवा!" इंद्रजीत ओरडले. मग ऐकत राहिले. "नाही टोचलं. हातात घेतलं होतं फक्त."

दयाराम भिंतीला टेकले.

"सायब," ते हितेशला म्हणाले, "रगत मागायला घरी तुमीच आलेलात. पोर घाबरत व्हती. मीच तिला बोललो, दे, सायब भला मानूस हाय."