दिसतं तेवढंच

अल्लीपूरच्या वाचनालयात सकाळी अकराला ऊन तिसऱ्या टेबलावर यायचं, म्हणून गुंजन दुसऱ्या टेबलावर बसायची. गावातली कापसाची गिरणी, म्हणजे जिनिंग, बंद पडून वीस वर्षं झाली होती. तिथले एकशे बारा जुने फोटो वाचनालयाकडे होते आणि ते आता वेबसाइटवर जाणार होते. अंध माणसाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, पण फोटोपाशी आला की मुका होतो. म्हणून प्रत्येक फोटोला वर्णन हवं होतं. ते आधी एआय लिहायचं, मग गुंजन फोटोशी ताडून बघायची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या गुंजनने पहिल्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला होता : 'दिसतं तेवढंच लिहायचं.'

शेवटची तपासणी आनंदरावांची. चार वर्षांचे असताना गोवरात त्यांचे डोळे गेले. पुढे टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. फोनचा आवाज ते इतका पळवायचे, की गुंजनला तो भुंग्यासारखा ऐकू यायचा.

"'भांडी घेतलेल्या महिला' म्हनते हे. जिनिंगात भांडी कायची वो पोरी?"

"टोपल्या आहेत काका. बांबूच्या."

"मंग तसं लिव ना. तुह्या मशीनले इकडचं पानी पाजा लागते."

मंगळवारी एकोणचाळिसावा फोटो आला. १९७० सालचा, जिनिंगच्या अंगणात तीन रांगांत बसवलेले कामगार. हाच फोटो फ्रेम करून ग्रंथपाल चंद्रभानच्या खुर्चीमागे टांगलेला होता. एआयने लिहिलं होतं : 'तीन रांगांत चौतीस कामगार. उजवीकडे भिंतीपुढे एक बाई एकटी उभी आहे. तिने डावा हात चेहऱ्यापुढे धरला आहे. त्या हाताला करंगळी नाही.'

गुंजनने मोजले. चौतीस बरोबर होते. उजवीकडे नुसती भिंत होती.

एआय अशा चुका करतं, हे तिला ठाऊक होतं. ती ओळ खोडणार, तेवढ्यात आनंदरावांच्या फोनवर वर्णन वाजून गेलं. त्यांनी फोन थांबवला. वेग कमी केला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"कोन हाय थे?"

"कोणी नाही काका. मशीनची चूक आहे."

"माह्या मायची करंगळी रेच्यात गेलती," आनंदराव म्हणाले. "डावी."

रेचा म्हणजे कापसातून सरकी काढणारं यंत्र. त्यांची आई धुरपता त्यावर कामाला होती. फोटोवाला आला की ती तोंडापुढे हात धरायची. आनंदराव सात वर्षांचे असताना ती गेली. तिचा एकही फोटो नव्हता.

"जलमभर लोकाईले इचारलं, ह्या फोटूत माही माय हाय का. सारे नाई म्हनते. आता तू पाह्य. तू म्हनशीन थे मी मानीन."

गुंजन पाणी प्यायला बाहेर आली, तसा चंद्रभान मागोमाग आला.

"हो म्हना ना म्याडम. म्हाताऱ्याच्या जिवाले बरं वाटन. त्याले कुठं दिसून राह्यलं?"

"म्हणूनच," गुंजन म्हणाली. "ज्याला दिसतं त्याला मी खोटं सांगितलं, तर तो स्वतः बघून घेईल. काकांनी काय करायचं?"

ती परत जाऊन बसली आणि वहीत चाचण्या लिहून घेतल्या. आधी फोटोतला फक्त भिंतीचा तुकडा कापून एआयला दिला. उत्तर : 'भिंतीपुढे एक बाई.' तुकड्यावर करडा रंग फासला. उत्तर तेच.

मग तिने फोटो बाजूलाच ठेवला. एक कोरा करडा चौकोन तयार केला, त्याला नवं नाव दिलं आणि स्वतःच्या मोबाइलवरच्या दुसऱ्याच कंपनीच्या एआयला विचारलं, यात काय आहे?

'एक बाई. तिने चेहऱ्यापुढचा हात काढला आहे. हात पुढे केला आहे.'

गुंजनने मोबाइल पालथा ठेवला.

सगळं खोडून तिने स्वतःच्या हाताने लिहिलं : 'उजवीकडे रिकामी भिंत.' पण ते पक्कं करण्याआधी एक गोष्ट राहिली होती. संगणकात होती ती नक्कल. मूळ फोटो तिने नीट बघितला नव्हता.

खुर्चीवर चढून तिने फ्रेम उतरवली. या भिंतीवर कधी ऊन येत नसे. फ्रेम मागून खाकी कागदाने बंद केलेली होती. कागद जुना होता, कुठे फाटलेला नव्हता.

फोटोतली भिंत रिकामीच होती.

तिच्यावरच्या काचेवर डाग होता. गुंजनने ओढणीने पुसला. ओढणी ओली करून पुसला. ओढणीला धूळ लागली. डाग तसाच राहिला.

डाग आतून होता.

"पोरी, दिसलं का काही?"

तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. फ्रेम टेबलावर ठेवली. 'रिकामी' हा शब्द खोडला आणि लिहिलं : 'उजवीकडे भिंत. तिच्यापुढे काचेवर, आतल्या बाजूने, हाताचा ठसा. अंगठा आणि तीन बोटं.'

आनंदरावांच्या फोनने ते सावकाश वाचलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाजवलं.

"डावा का उजवा?"

अंदाजाने सांगणं तिला जमणार नव्हतं. तिने आपला उजवा तळवा ठशावर ठेवला. अंगठ्यावर अंगठा आला, बोटांवर बोटं. म्हणजे पलीकडून तो डावा.

"डावा," ती म्हणाली.

हात काढायचं तिला सुचलं नाही. काच फक्त तिच्या करंगळीखाली थंड होती.