घरात माणसं : दोन

ही घटना खरी आहे. माझ्या मामांच्या घरी घडली, आणि मामा खोटं बोलत नाहीत. तेवढी कल्पनाशक्तीच त्यांच्याकडे नाही.

रात्र वगैरे नव्हती. मंगळवार, दुपारचे सव्वाचार. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार.

मामा विजेचे मीटर वाचायचे. तीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे उतरवले, म्हणून घरात सगळे त्यांना मीटरमामा म्हणतात. आकडा दिसला की त्यांचा विश्वास बसायचा. माणसांचं तसं नव्हतं.

मामी गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

मामा एकटे.

परगावच्या मुलीनं फर्मान काढलं. "बाबा, एक तर माझ्याकडे राहायला या, नाहीतर मी तिथे पेटी बसवून घेते."

मामांनी पेटी पत्करली.

साबणाच्या वडीएवढी पांढरी पेटी. कॅमेरा नाही, माईक नाही. घरभर वायरलेस लहरी सोडायची आणि त्या कुठे अडतात यावरून माणसं मोजायची.

"नुसता श्वास घेतला तरी छाती हलते ना, काका," बसवायला आलेला टेक्निशियन म्हणाला. "तेवढंही हिला कळतं."

"आमच्या साहेबाला समोर उभा राहिलेला माणूस कळायचा नाही," मामा म्हणाले.

नियम असा, की आधी घर दहा मिनिटं रिकामं ठेवायचं. पेटी ते रिकामेपण पाठ करते. मग त्याहून जास्त जे सापडेल, ते माणूस.

पण टेक्निशियनला घाई होती. खालचं, दुसऱ्या मजल्यावरचं घर हुबेहूब असंच. इतकं सारखं, की आजारपणात जिना चढताना दम लागला की मामी तिथेच थांबायची आणि त्याच दाराला किल्ली लावत बसायची. मामा वरून हाक मारायचे, "अगं, अजून एक मजला!"

त्या घराला आता कित्येक महिने कुलूप होतं. चोर शिरला तर कळावं म्हणून मालकानं तिथेही अशीच पेटी लावली होती. टेक्निशियननं त्या घराचं रिकामेपण उचललं आणि मामांच्या पेटीत भरलं.

रिकामेपणसुद्धा उसनं!

तो गेला. मामांनी चष्मा लावून मोबाईल पाहिला.

घरात माणसं : दोन.

बाहेरच्या खोलीत एक. मिनिटाला सोळा श्वास. हे मामा.

आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर, एक.

मिनिटाला... अकरा.

मामा जागचे हलले नाहीत.

मामीचे श्वास मोजत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामांनी ते मीटरसारखेच मोजले. सकाळ-संध्याकाळ, वहीत, तारीख घालून. एकवीस. अठरा. चौदा.

वहीतला शेवटचा आकडा अकरा होता.

मामा आत गेले. पलंग मोकळा. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

मोबाईलवर... अकरा.

खरं तर घाबरायचं. मामांनी दोन कप चहा टाकला.

मग रोजचंच झालं. नळ गळतोय, न्हाव्यानं कानाला कात्री लावली, सगळं आतल्या खोलीत जाऊन सांगायचं. उत्तर नाही. पण एका संध्याकाळी मामा आपल्या भसाड्या आवाजात गुणगुणले आणि अकराचे तेरा झाले.

"तुझी मामी माझ्या गाण्यावर अशीच वैतागायची रे," त्यांनी मला फोनवर सांगितलं. वर्षभरात त्यांचा आवाज इतका खूश मी ऐकला नव्हता.

दहाव्या दिवशी मुलीचा फोन. तिच्याही मोबाईलवर तेच दिसत होतं.

"बाबा, घरात कोण आहे?"

"मी."

"आणि?"

"...पेटी बिघडली असेल."

"मंगळवारी माणूस पाठवते. नाही सुधारली तर तुम्ही माझ्याकडे यायचं. बॅग भरून ठेवा."

मंगळवारी टेक्निशियन आला. आपली चूक त्यानं लगेच ओळखली. "आता रीतसर करू, काका. दहा मिनिटं सगळ्यांनी बाहेर."

"आणि तेवढ्यात आत कोणी राहिलं तर?"

"ते भिंतीत जमा. कपाटासारखं. पेटी पुन्हा कधी दाखवणार नाही."

नाही म्हणावं, तर घर सुटतं.

हो म्हणावं, तर...

मामा आत गेले. पलंगापाशी उभे राहिले.

"अगं, ऊठ. दहाच मिनिटं. जिन्यात उभं राहायचंय."

कपाटाखालून तिच्या चपला काढल्या. दाराबाहेर स्वतःच्या चपलांशेजारी ठेवल्या. मग दार उघडं धरून उभे राहिले.

"काका, लावा की दार."

"थांबा हो. बायकांना आवरायला वेळ लागतो."

टेक्निशियन हसला. मग त्याचं हसू आपोआप विझलं. मामांनी अंग चोरून... कोणाला तरी वाट दिली होती.

दहा मिनिटं. जिना अगदी शांत.

पेटीनं शीळ घातली. मामा आत गेले. टेक्निशियन बाहेरच सामान आवरत राहिला. दार उघडंच होतं.

घरात माणसं : एक.

सोळा.

मामा वाट पाहत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

एकच.

इतक्यात टेक्निशियनचा मोबाईल वाजला. खालच्या घराची सूचना त्याच्याकडेच यायची. त्यानं पाहिलं आणि मोबाईल मामांपुढे धरला.

दुसरा मजला. घरात माणसं : एक.

आतली खोली. खिडकीजवळ.

अकरा.

दोघं धावत खाली गेले. दाराला कुलूप तसंच. कुलपावरची धूळही तशीच.

मामा वाकले. कुलपाला तोंड लावल्यासारखे हळूच म्हणाले,

"अगं... अजून एक मजला."

मुलीचं समाधान झालं. पेटी सुधारली, बाबा एकटेच आहेत. टेक्निशियननं मालकाला 'उंदीर असेल' असं कळवलं आणि खालचा आकडा गुपचूप मामांच्या मोबाईलवर जोडून दिला.

मामा आता रोज चार वाजता एक मजला खाली उतरतात. बंद दाराशी हाक मारतात. मग गुणगुणतात.

मागच्या आठवड्यात मी सोबत होतो. मोबाईल माझ्याच हातात होता.

अकराचे... तेरा झाले.

वर ती अजून आलेली नाही. तिच्या चपला मामांच्या दाराबाहेर आहेत, पुढचं टोक घराकडे करून ठेवलेल्या.

मामांना भेटायला मी जातो. जायलाच हवं. पण दुसऱ्या मजल्यावर थांबत नाही.

कितीही दम लागला तरी.