ठोके वाढण्याचं कारण

एखादा मुलगा पहिल्या भेटीत फूल आणतो. ह्याने डबी आणली.

तीही पाठीमागे लपवून! प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा, कान लालेलाल. "ते… नमुना… कुठे ठेवायचा?"

"संडासाचाच ना? ठेवा इथे," मी सवयीने मोठ्यांदा म्हणाले. मागची अख्खी रांग हसली. "लाजताय काय एवढं? मी दिवसभर हेच बघते."

"म्हणजे जंतताई तुम्हीच?"

"आणि पलीकडच्या खोलीत नवीन आलेले ठोकेवाले तुम्ही!"

पोटातल्या जंतांचा हृदयाशी आणि रक्तातल्या साखरेशी काही संबंध असतो का, याचा अभ्यास आमच्याकडे चालू होता. मी सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधायची, त्याने सगळ्यांचे ईसीजी काढायचे. तिथे काम करणाऱ्या आम्ही सगळ्यांनीही त्यात भाग घेतला होता.

त्याच्या डबीत अंडी निघाली. बिचारा! पण निकाल फक्त अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगायचा, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. जंतांची गोळी मिळाल्यावर त्यानेच येऊन सांगितलं.

"माझी साखर मात्र एकदम छान आहे हं. ती ह्या पाहुण्यांमुळेच असली तर? हाकलून पस्तावायचो!"

मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जंत असलेल्यांची साखर कधी कधी कमी दिसते खरी. पण ते रक्तही पितात, ताकदही खातात. आणि दुसरे काही परजीवी तर थेट हृदयावरच उठतात."

"मग नक्की काय समजायचं?"

"तेच कळत नाहीये, म्हणून तर अभ्यास!"

मग माझ्या ईसीजीची पाळी आली. दोन्ही मनगटांना, दोन्ही घोट्यांना चिमटे. चिमटे गार, त्याची बोटं मात्र ऊबदार…

"हात सैल सोडा."

सैल कसले सोडते! मशीनमधून कागदाची पट्टी सरसर बाहेर आली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घाबरलात का?"

"छे!"

"मग ठोके इतके का पळतायत?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, पुन्हा तेच. त्याचा चेहरा उतरला आणि मला बाबा आठवले. बाबांचं असंच झालं होतं. आधी नुसती धडधड, मग एका सकाळी पेपर वाचता वाचता… तेव्हापासून मी जिना चढून दमले तरी आई छातीवर हात ठेवून बघते. तिला काय सांगायचं होतं मी?

माझी डबी तर स्वच्छ निघाली होती, म्हणजे जंतांवरही ढकलता येईना. आणि घरी, बसमध्ये, कामावर मी ठणठणीत! त्याच्या खोलीकडे वळले की सुरू. धडधड होते म्हणून तो आठवतो, की तो आठवतो म्हणून धडधड होते? डोक्याचा नुसता भुगा झाला.

शेवटी तोच पट्ट्या घेऊन डॉक्टरबाईंकडे धावला. बाईंनी पट्ट्या पाहिल्या, मला पाहिलं, त्याला पाहिलं.

"कारण शोधायचं तर एकच गोष्ट बदलायची. मशीन तेच, खाट तीच. चिमटे सिस्टर लावतील. तुम्ही बाहेर व्हा."

ह्या वेळी पट्टी शहाण्या मुलीसारखी आली. संथ, सरळ. पुढच्या तपासण्याही चोख निघाल्या.

"हृदय उत्तम आहे तुझं," बाई म्हणाल्या. "बाकीचं तुझं तू बघ."

मी रडलेच. आणि रडता रडता डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई!

त्याच्या खोलीत गेले तर तो मशीन खोक्यात भरत होता.

"बिघडलंय हे. तुम्हाला उगाच घाबरवलं मी. दुरुस्तीला पाठवतो… आणि मीही दुसऱ्या केंद्रावर बदली मागतो."

"मशीन चांगलं आहे हो!"

"मग बिघाड कुठे आहे?"

देवा, ह्या माणसाला हृदयाचं काम दिलं कुणी? "बाईंनी एकच गोष्ट बदलली. कुठली?"

"सिस्टर आल्या… आणि मी…" त्याच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. "मी बाहेर गेलो. म्हणजे… माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळेच. आवडता तुम्ही मला. आता मागा बदली!"

त्याने मशीन पुन्हा बाहेर काढलं, चिमटे स्वतःच्या हातापायांना लावले. "बटण दाबा."

पट्टी निघाली… माझ्यापेक्षाही सुसाट!

"जंतांमुळे असेल," तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

"गोळीनंतरची तुमची डबी मीच तपासलीय," कुलूपबिलूप सगळं विसरून मी म्हणाले. "एकही अंडं उरलेलं नाही."

"मग…" त्याने वर पाहिलं. "मग कारण तुम्हीच."

चिमटा लावलेल्याच हाताने त्याने माझा हात धरला. मशीन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. पट्टी टेबलावरून खाली लोंबायला लागली, तेव्हा दारातून डॉक्टरबाई ओरडल्या, "अहो, कागद संपवाल सगळा!"